काल्यातील वाटा

आखाजी जवळ आली, शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि आपल्या मंदिरातील उन्हाळी बालसंस्कार वर्गाची तयारी सुरू झाली. वर्गाची सांगता प्रतिवर्षी काल्याने होते. यास्तव या अंकातील निरूपणासाठी आम्ही काल्याचाच विषय घेतला आहे. त्यामागे आणखी एक कारण आहे, ते ओघात येईल.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात यमुनेच्या वाळवंटातील वनभोजनाचे वर्णन आहे. श्रीकृष्ण मध्यभागी बसला आहे आणि त्याच्याभोवती मंडले करून गोपबालक असे बसले आहेत की, प्रत्येकाचे मुख त्याच्याकडे आहे. प्रत्येक जण आपल्या शिदोरीची चव दुसऱ्यास दाखवितो, हसतो, हसवितो. व्यासांनी ही बैठक मंडलाकार सांगितली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. रांगेला पुढचे टोक असते तसे मागचेही असते. मंडलात मागे राहण्याची जागाच नसते.

आता सवंगड्यांची नावे पाहावीत. भागवतात श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण अशी नावे येतात. पेंद्या त्यांत नाही. पेंद्या आपल्या मराठी संतांनी आणला. गौळणींतून, काल्याच्या कीर्तनांतून आपण ज्यांस लहानपणापासून ओळखतो तो पायांनी अधू पेंद्या, तो वाकड्या, तो बोबड्या हे सारे मराठी भक्तीने गोकुळात नेऊन बसविलेले गडी होत. आपल्या गावात, आपल्या आळीत जी मुले दिसत होती तीच संतांनी देवाच्या खेळात घातली. कोणी म्हणेल की हे विनोदासाठी; कीर्तनकार पेंद्याचा लंगडा चालीचा अभिनय करतो आणि श्रोते हसतात. असे हसणे आम्हीही ऐकले आहे. परंतु नीट पाहिले तर त्या कथेत देव पेंद्यास हसत नाही. पेंद्यावाचून देवाचा डावच सुरू होत नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. मथुरेस गेल्यावर श्रीकृष्णाने कुब्जेचे तिन्ही ठिकाणी वाकलेले शरीर सरळ केले, ही कथा आपण सर्व जाणतो. म्हणजे सामर्थ्य नव्हते असे नाही. तरीही गौळणींतील पेंद्याचे पाय वाकडेच राहतात. त्याचे पाय सरळ झाल्यावर मग त्यास खेळात घेऊ, असे गोकुळात कोणी म्हटले नाही. तो आहे तसा आला, आणि खेळ त्याच्या पावलांस जुळवून घेता झाला.

आता अप्रिय वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. आपल्याच परंपरेत याहून निराळा एक प्रवाहही आहे, तो झाकून निरूपण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभागाचा, म्हणजे वडिलार्जित मालमत्तेच्या वाटपाचा, विचार आला आहे. तेथे जन्मांध, बधिर, मुका, वेडा, जड बुद्धीचा अशांस वाटा नाकारला आहे. मात्र त्यांस यथाशक्ती अन्नवस्त्र दिलेच पाहिजे, न देणारा पतित होय, असेही बजावले आहे. त्या काळाच्या मानाने अन्नवस्त्राची ही सक्ती दयेची होती, हे आम्ही मानतो. परंतु अन्नवस्त्र निराळे आणि वाटा निराळा. अन्नवस्त्र देणारा तुम्हांस पोसतो. वाटा मिळतो तेव्हा तुम्ही घरातले एक ठरता.

हा भेद पुसावयास कायद्यास यावे लागले. १९२८ साली एक कायदा झाला, त्याने आंधळ्यापांगळ्यांस वारसाहक्क दिला. पण जन्मतः बुद्धीने अधू असणाऱ्यांस त्यातूनही वगळले. त्यांच्यासाठी १९५६ सालचा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. रोग, व्यंग वा विद्रूपता यांमुळे कोणाचाही वारसा जात नाही, असे त्याच्या २८व्या कलमाने ठरविले. म्हणजे पाय अधू असलेल्याचा वाटा आधी मान्य झाला आणि बुद्धीने संथ असलेल्याचा २८ वर्षांनी. आजही आपल्या अंगणात पाहावे, हाच क्रम दिसतो. कुबडीवर चालणाऱ्या मुलास कोणीतरी कॅरमला बसवून घेतो. उशिरा समजणाऱ्या मुलीस कोणी हाक मारीत नाही.

पैशाअडक्याचा वाटा कायद्याने दिला. खेळातील वाटा कोणता कायदा देईल? तसा तोही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंगविषयक करारात, जो भारताने २००७ साली मान्य केला, इतर मुलांच्या बरोबरीने खेळण्याचा, करमणुकीचा हक्क या मुलांस दिलेला आहे. आपल्या देशाचा २०१६ सालचा दिव्यांगजन अधिकार कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. परंतु कायद्याचे शिपाई काही आपल्या पटांगणात येऊन लगोरीचे गडी वाटून देणार नाहीत. ते काम आपले आहे.

गतवर्षी वर्ग भरण्यापूर्वी एका सभासद भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. चालताना त्याचा तोल जातो, बोलणे चटकन उमगत नाही. वर्गात त्यास घ्या असे त्या म्हणाल्याच नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच की, मुले खेळत असताना यास सभामंडपाच्या दाराशी सावलीत बसू द्याल का? आणि आपणहून पुढे जोडले, तो कोणास त्रास देणार नाही. भक्तजनहो, हे शब्द ऐकून आम्हांस मनुस्मृतीचा तो अध्याय आठवला. त्या माउलीने मुलासाठी सावली मागितली. खेळातील वाटा मागावयाचा असतो हेच तिला ठाऊक नव्हते, कारण आजवर कोणी तो देऊ केला नव्हता. त्याच घरात बारा वर्षांची एक बहीणही आहे. भावाजवळ कोणीतरी हवे म्हणून तीही कधी वर्गास आली नाही. एकाचा वाटा गेला की दोघांचा जातो, हे बाहेरून दिसत नाही.

पुष्कळ घरांतून अशी मुले बाहेरच आणीत नाहीत. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. शंभरांत दोघांहून अधिक. आपल्या लालबागेत स्टेशनापासून मिलच्या चाळींपर्यंत किती घरे आहेत याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा, आणि मग आपल्या वर्गात अशी मुले किती येतात ते आठवावे. ती नाहीत असे नव्हे. ती दाराआड आहेत.

दाराआड का? याचे उत्तर देताना पुजाऱ्याच्या घरातील माणसास स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण दार लावण्याचे काम पुष्कळदा धर्माच्या नावाने झाले आहे. ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे शब्द आपण किती सहज उच्चारतो! मूल पाहावयास आलेली बाई निघताना दाराशी हेच बोलते आणि आईच्या काळजात ते वर्षानुवर्षे सलत राहते. कर्मसिद्धांत आम्ही नाकारीत नाही. परंतु तो सिद्धांत कोणी कोणास सांगावयाचा? आपल्या वाट्यास दुःख आले असता खचू नये, पुढचे कर्म शुद्ध ठेवावे, यासाठी तो स्वतःपुरता आरसा आहे. दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवावयास तो दिलेला नाही. नाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे मूल उचलून कडेवर घेतले, तेव्हा त्या मुलाचे पूर्वसंचित विचारले नव्हते. वाळू तापली होती आणि पाय भाजत होते, एवढे त्यांस पुरे झाले.

याच्या उलट टोकाचा एक गोड शब्दही तितकाच घातक आहे. अशा मुलास आपण ‘देवाचे लेकरू’ म्हणतो, गालावरून हात फिरवितो, प्रसादाचा मोठा पेढा हाती ठेवतो, आणि मग खेळावयास निघून जातो. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द गेल्या दहाएक वर्षांत रूढ झाला. शब्द सौम्य झाला हे बरेच. पण पेंद्यास दिव्यांग म्हणून कोपऱ्यात बसविले तर त्याचे काय साधले?

आता काही सभासदांची शंका. ती रास्त आहे, म्हणून तिला बगल देत नाही. अशी मुले आल्यास इतरांच्या खेळाचा विरस होईल, शिकविणाऱ्यांची तारांबळ उडेल, एखाद्यास इजा झाली तर जबाबदार कोण, असे विचारले जाते. अमेरिकेतही हेच विचारले जात होते. युनिस केनेडी श्रायव्हर नावाच्या बाईंना एका आईने सांगितले की, माझ्या मुलास कोणतेही उन्हाळी शिबिर घेत नाही. बाईंची स्वतःची थोरली बहीण बुद्धीने अधू होती. त्यांनी १९६२च्या जूनमध्ये मेरीलँड राज्यातील आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांचे शिबिर भरविले आणि शाळाकॉलेजांतील तरुणतरुणींस त्यांचे सोबती म्हणून बोलाविले. पोहणे, चेंडू, घोड्यावर बसणे, सारे काही. जी मुले काहीच करू शकणार नाहीत असे तज्ज्ञ म्हणत होते ती ते करू लागली. त्याच बीजातून १९६८ साली शिकागो येथे स्पेशल ऑलिम्पिक्सचे पहिले सामने झाले.

आपल्याकडील उदाहरण तर याहून बोलके आहे. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ साली स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेथील मल्लखांबाचे गुरू उदय देशपांडे यांनी अंध मुलामुलींस मल्लखांब शिकविला. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. न दिसणारे मूल उंच खांबावर उलटे लटकते, हे ऐकून छाती धडधडते. पण क्षणभर विचार करावा. मल्लखांबात शरीराचा खांबाशी स्पर्श सुटत नाही; मांडी, पोटरी, तळवा यांस खांब सतत सांगत असतो की मी येथे आहे. डोळ्यांवाचून करता येण्याजोगा याहून दुसरा खेळ शोधून सापडणार नाही. हे गुरुजींनी पाहिले. मुलात काय उणे आहे यापेक्षा खेळात काय दडले आहे याचा त्यांनी शोध घेतला.

आणि सोमनाथची कथा तर सारे चित्रच उलटे करते. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६७ साली तरुणांसाठी उन्हाळी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तेथील रानात शेती उभी करणारी माणसे कुष्ठरोगातून बरी झालेली, कित्येकांच्या हातांची बोटे झडलेली. ऐन मेच्या उन्हात शहरांतील धडधाकट तरुण त्यांच्याकडे श्रम शिकावयास गेले. कोण कोणास सामावून घेत होते, सांगा पाहू?

आमच्या पिढीस ज्यांचे नाव आदराने सांगितले गेले ते संत गुलाबराव महाराज आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. जन्म १८८१चा. वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात, १९१५ साली देह ठेवण्यापूर्वी, त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. आपण त्यांस प्रज्ञाचक्षू म्हणून नमस्कार करतो आणि थांबतो. पण त्या ग्रंथांमागे आणखी कोणीतरी आहे. महाराजांस पोथ्या वाचून दाखविणारे होते, त्यांच्या मुखातून आलेले लिहून घेणारे होते. शेजारी बसून पान उलटणारा तो माणूस नसता तर ती प्रज्ञा मूकच राहिली असती. तो माणूस होणे हे प्रत्येकास जमण्याजोगे आहे. आपल्या वर्गातील दहा वर्षांच्या पोरासही.

असो. आता प्रत्यक्ष तयारीविषयी.

पहिला प्रश्न पायऱ्यांचा. आपल्या सभामंडपास तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सात इंचांची. म्हणजे एकवीस इंच चढ. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावयाचा तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने एकवीस फूट लांबीचा उतार हवा. याहून आखूड केल्यास खुर्ची मागे घसरते आणि ढकलणारा थकतो. पुष्कळ ठिकाणी असा नावापुरता उतार बांधून ठेवलेला दिसतो, त्यावरून सायकलसुद्धा चढत नाही. उताराचे महत्त्व आम्ही लालबागकरांस काय सांगावे! सतराव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी आपल्या कुंडी भंडाऱ्याचे काम केले, त्यांनी सातपुड्याचे झिरपते पाणी कोणत्याही यंत्रावाचून, केवळ जमिनीखालच्या उताराच्या बळावर, कुंडीमागून कुंडी शहरापर्यंत आणले. पाण्यासाठी जे साधले ते एका लेकरासाठी एकवीस फुटांत साधावयाचे आहे. कार्यकारिणीने उत्तरेकडील बाजूस, पारिजातकाच्या कडेने, जागा आखली आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक निघाला. रस्त्यावरून आलेली चाके सभामंडपात कशी चालतील? आपण पादत्राणे बाहेर काढतो ना? हा प्रश्न विचारणारे वृद्ध सभासद दुष्टबुद्धीचे नाहीत. मंदिराच्या शुचितेची त्यांस खरी काळजी आहे. आमच्या तीर्थरूपांनी त्यावर दिलेला निर्णय येथे नोंदवून ठेवतो. ते म्हणाले की, ती खुर्ची त्या मुलाची पादत्राणे नव्हेत, ते त्याचे पाय आहेत. आपण पाय धुऊन आत येतो, तशी चाके ओल्या फडक्याने पुसून आत यावीत. उताराच्या तोंडाशी बादली आणि फडके ठेवले जाईल, आणि पुसण्याचे काम त्या दिवशी ज्या मुलाची पाळी असेल ते करील.

खेळांविषयी फार सांगत नाही, कारण मुलांस एकदा अडचण सांगितली की ती मोठ्यांहून लवकर वाट काढतात. आंधळ्या कोशिंबिरीत न दिसणारा गडी सर्वांत तरबेज ठरतो, हे कोणास शिकवावे लागणार नाही. चेंडूत घुंगरू घातले की त्याचा आवाज येतो. बहिऱ्या मुलास लेझीम येते. पुढच्याची पावले त्यास दिसतात आणि ढोलाचा ठोका जमिनीतून पायास कळतो. लगोरी मात्र स्टुलावर रचावी, म्हणजे खुर्चीतील मुलासही हात पोचेल. जे मूल उशिराने समजते त्यास एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि रोजचा क्रम बदलू नये. आधी श्लोक, मग सूर्यनमस्कार, मग खेळ, असे ठरले की ठरले. गलका सहन न होणाऱ्या मुलासाठी ग्रंथालयाची खोली उघडी राहील. ती शिक्षेची जागा नव्हे, तेथे कोणीही जाऊन बसावे. न दिसणाऱ्या मुलाचा हात एकदम धरून ओढू नये. आपले नाव सांगून आपले कोपर पुढे करावे, तो ते धरून चालतो. बहिऱ्या मुलाशी बोलताना पाठमोरे उभे राहू नये. आणि दिलाशाचे बक्षीस कोणासही द्यावयाचे नाही. हरला तर हरला. हरणे हाही खेळातला वाटाच आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी, कारण तीत प्राणाशी गाठ आहे. एखाद्या मुलास आकडी आल्यास कांदा वा चप्पल हुंगविण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती सोडावी. त्याने काही होत नाही. तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये. दात तुटतो किंवा श्वास कोंडतो. हातपाय दाबून धरू नयेत. मुलास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, भोवतीची गर्दी हटवावी आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून पुन्हा आली, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. ज्या मुलांस हा विकार आहे त्यांच्या पालकांनी औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. यात लपविण्यासारखे काही नाही.

वर्ग सकाळी सात ते साडेनऊ भरेल, कारण त्यानंतरचे आपल्याकडील ऊन धडधाकटांसही सोसत नाही. सहल राजघाटावर नेण्याचा बेत होता. पायऱ्यांमुळे तो बदलून सर्वांस जेथवर जाता येईल अशी जागा निवडावी, अशी आम्ही कार्यकारिणीस विनंती केली आहे. ज्या भगिनींचा उल्लेख वर आला त्यांच्याकडे आम्ही आणि तीर्थरूप परवा जाऊन आलो. मुलाचे नाव नोंदविले, बहिणीचेही. मुलगा आम्हांस काही सांगत होता. दोनदा ऐकून कळले नाही, तिसऱ्यांदा कळले. त्याने विचारले की काल्याची हंडी कोण फोडणार.

नावनोंदणी आरतीनंतर सभामंडपात होईल. यंदाच्या कागदावर ‘मुलास काही व्यंग आहे काय’ हा रकाना नाही. त्याऐवजी दोन प्रश्न आहेत: मुलास काय आवडते, आणि त्यास कोणती मदत लागते. ते सर्वच मुलांच्या पालकांनी भरावयाचे आहेत. काल्यासाठी पोहे मंदिरातर्फे होतील. दही, लाह्या, डाळ, कैरी, लिंबाचे लोणचे यांपैकी जे ज्यास जमेल ते प्रत्येक मुलाने आपल्या हाताने आणावे. ज्याच्या हातास डबा पेलत नाही त्याचा डबा त्याच्या मांडीवर ठेवावा, म्हणजे हंडीत तो त्यालाच ओतता येईल. हंडी यंदा उंच बांधावयाची नाही.